भुज ते धोलावीरा एका दिवसात : गाडी मिळवण्याचा माझा अनुभव

कच्छमधल्या भुजहून सकाळी निघून खडीर बेटावरचं धोलावीरा, म्हणजे हडप्पा संस्कृतीतलं प्राचीन शहर, पाहून रात्रीच्या जेवणाला परत येता येतं, आणि धावपळ न करता येता येतं. खावड्याहून रणातून थेट खडीर बेटावर जाणारा रस्ता झाल्यापासून एका बाजूचं अंतर १३५ किलोमीटरच्या आसपास भरतं. गाडी तीन तासांच्या आत पोचते. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण दादरला सयाजीनगरी एक्स्प्रेसमध्ये बसल्यापासून भेटेल तो आम्हाला सांगत होता की तिथे मुक्कामाशिवाय जमत नाही. जमतं. आमचं घोडं अडलं ते भुजमध्येच, गाड्या भाड्याने देणाऱ्या एका एजन्सीच्या दारात. त्या सकाळचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जाणारे आम्ही तिघं. मी, नवरा आणि माझे सासरे. अण्णांनी पाटबंधारे खात्यात हयात काढली. वय ७४, गुडघे कुरकुरतात, पण धरण, बंधारा, पाट असं काही कानावर पडलं की ते चपला घालून तयार. मी शाळेत इतिहास शिकवते. सहावीला हडप्पा संस्कृतीचा धडा असतो. फळ्यावर नकाशा काढून, ठिपके मांडून तो दरवर्षी शिकवायचा आणि त्यातलं एकही ठिकाण आपण डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ही गोष्ट मला फार लागायची. हडप्पा आणि मोहेंजोदडो सीमेपलीकडे गेले. धोलावीरा मात्र आपल्याकडे आहे. २७ जुलै २०२१ ला ते जागतिक वारशाच्या यादीत आलं तेव्हापासून अण्णाही मागे लागले होते. "त्या लोकांनी पाणी कसं साठवलं ते मला एकदा बघू दे," एवढंच त्यांचं म्हणणं.

गाडी मी घरूनच, फोनवर ठरवली होती. किलोमीटरला १४ रुपये, दिवसाचे किमान ३०० किलोमीटर धरणार, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. जाऊन-येऊन २७० होतात, म्हणजे किमान अंतरातच सगळं बसतं, असा माझा हिशोब. सकाळी सहाला गाडी हॉटेलच्या दारात, जाताना खावड्यावरून, येतानाही खावड्यावरून, हे मी दोनदा बोलून घेतलं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं आणि त्यावर "ओके मॅडम" असं उत्तर आलं. आगाऊ रक्कम लगेच भरली. हे "ओके मॅडम" पुढे फार कामाला आलं, म्हणून तुम्हीही तोंडी बोलण्यावर थांबू नका. रस्ता, वेळ, दर आणि गाडीचा प्रकार लिहून पाठवा आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.

जानेवारीत भुजला सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. सहाला निघालो असतो तर तो आम्हाला रणात भेटला असता. सहा वाजता आम्ही तिघं हॉटेलच्या पायरीवर स्वेटर-कानटोपी घालून उभे. गाडी नाही. साडेसहाला फोन लागला. "ड्रायव्हर निकल गया है, दस मिनट." सातला तेच उत्तर, तीच दहा मिनिटं. त्यानंतर फोन उचलणंच बंद झालं. अण्णा काही बोलत नव्हते, पण पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होते, आणि त्यांचं ते न बोलणं मला जास्त टोचत होतं. माणूस पाऊण रात्र रेल्वेत बसून आलेला, पहाटे साडेचारला उठून दाढी करून तयार झालेला.

शेवटी नवऱ्याला अण्णांजवळ ठेवून मी एजन्सीचं ऑफिस गाठलं. शटर अर्धं वर. आत एक पोरगा चहा पीत बसला होता. मालक येतील म्हणाला. मालक आठच्या सुमाराला आले आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं की पांढऱ्या रणातल्या रणोत्सवाचा मोठा ग्रुप अचानक आला, आमची गाडी तिकडे गेली, दुसरी देतो. म्हणजे दहा मिनिटांत येणारी गाडी मुळात निघालेलीच नव्हती. ती आम्हाला मिळणार नाही हे पहाटेच ठरलेलं होतं. ते आम्हाला सहालाच सांगितलं असतं तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. नेमकं म्हणूनच सांगितलं नाही.

दुसरी म्हणून आणलेली गाडी बघायला बाहेर आले तर तिला पांढरी नंबरप्लेट. म्हणजे कुणाची तरी घरगुती गाडी. भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट आणि परवाना लागतो. खासगी गाडी भाड्याने नेली आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. सोबत म्हातारं माणूस, पुढे मैलोगणती वस्ती नसलेला रस्ता, आणि मी ही गाडी का घ्यावी? मी नाही म्हटलं. मालक म्हणाले, "मॅडम, सब ऐसे ही जाते हैं." सगळे जात असतील. मी पिवळ्या प्लेटची गाडी ठरवली होती आणि तीच घेणार, असं सांगून मी समोरच्या बाकावर बसले. अशा वेळी बाहेर रस्त्यावर उभं राहून बोलू नये, ऑफिसात बसून राहावं. दुसरी गिऱ्हाइकं येऊ लागली की काम हलतं. पावणेनऊला एक कुटुंब चौकशीला आलं आणि पिवळ्या प्लेटची गाडी पंधरा मिनिटांत दारात उभी राहिली.

मला वाटलं, सुटलो. खरी अडचण तिथून पुढे होती.

मालक ड्रायव्हरला म्हणाले, रापरवरून घेऊन जा. रापरचा रस्ता म्हणजे जुना रस्ता. भुजहून भचाऊ, रापर, बालासर करत अमरापरवरून खडीरला शिरायचं. एका बाजूला २२० किलोमीटर. मी विचारलं, का? तर म्हणे खावड्याचा रस्ता बंद आहे, रणात पाणी भरलंय. हॉटेलमध्ये आदल्या रात्री शेजारच्या टेबलवरचं नाशिकचं जोडपं त्याच रस्त्याने परत आलं होतं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले होते, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधोमध कोरडा, उंच बांधलेला रस्ता. मी ते सांगितलं. मग पाणी ओसरलं आणि त्या रस्त्याला परवाना लागतो असं सुरू झालं. परवाना धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी काढावा लागतो. धोलावीराच्या रस्त्यावर आम्हाला जाता-येता एकदाही कुणी मागितला नाही. मग परवानाही मागे पडला आणि रस्ता खराब आहे, गाडीचे टायर फाटतील, असं कारण आलं.

मी कागद मागून घेतला आणि त्यांच्यासमोर हिशोब मांडला. जुन्या रस्त्याने जाऊन-येऊन ४४०. किमान ३०० वजा केले तर १४० किलोमीटर जास्तीचे, १४ रुपयांनी १,९६० रुपये. "रस्ता याच्यासाठी बंद आहे का?" असं मी सरळ विचारलं. मालक गुजरातीत पोराशी काहीतरी बोलले आणि फोनवर लागले. पैशाचंही सोडा. नऊ वाजून गेलेले असताना रापरवरून निघालो असतो तर पोचायलाच दोन वाजले असते. अंधाराआधी परत फिरायचं म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वी वसलेलं शहर तासाभरात उरकायचं. त्यांना हे पुरतं ठाऊक होतं, आणि तरी ते शांतपणे "आराम से देख लोगे" म्हणत होते. माझा आवाज चढला तो इथे.

गाठ सोडवली ती ड्रायव्हरने. पन्नाशीचा, बन्नीकडचा माणूस, इतका वेळ गाडीला टेकून उभा होता. मी त्यालाच विचारलं, "काका, आप बताइए, रास्ता चालू है कि नहीं?" त्याने एकदा मालकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "परसों ही जाके आया हूँ. रोड अच्छा है." एवढंच. मालकाच्या तोंडावर खरं बोलायला त्याला काय पडली होती? रोज त्याच माणसाकडे काम करायचं आहे त्याला. मी त्याचे आभार मानले आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप आणि त्याखालचं "ओके मॅडम" पुन्हा दाखवलं. ऑफिसात आता आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. "ठीक है, ले जाओ," असं म्हणून त्यांनी हात झटकला. निघण्याआधी मी गाडीच्या मीटरचा फोटो काढला. आम्ही भुज सोडलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. साडेतीन तास गेले.

भिरंडियाराला मावा खायला थांबलो, कारण अण्णांच्या पोटात काही नव्हतं. गरम मावा तिथे कढईतून थेट कागदावर देतात. खावड्यानंतर ट्रक बरेच लागतात. सौर आणि पवन ऊर्जेचा अवाढव्य प्रकल्प तिकडे उभा राहतोय. मग वस्ती संपते आणि रण सुरू होतं. सुमारे ३० किलोमीटर रस्ता सरळ रेषेत जातो. आमच्या वेळी डावीकडे पांढरं मीठ आणि उजवीकडे गुडघाभर पाणी होतं, त्यात लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. दिवस वर आल्यामुळे सगळं चकाकत होतं, डोळे उघडे ठेववत नव्हते. गॉगल विसरू नका. टाकी भुजमध्येच भरून घ्या. पाणी माणशी दोन-तीन लिटर गाडीत ठेवा. फोनची रेंज मधेमधे पूर्ण जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि रोख पैसे जवळ असू द्या. सीमा जवळ आहे, तेव्हा ओळखपत्रही बरोबर हवं.

साडेबाराला पोचलो. ऐन उन्हात.

आधी संग्रहालय पाहावं. छोटं आहे, पण तिथलं पाहून पुढे गेलं की दगडांचा अर्थ लागतो. या टेकाडाला गावातले लोक कोटडा म्हणतात. १९६७-६८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जगत्पती जोशींनी ते जगासमोर आणलं आणि १९९० च्या सुमारास आर. एस. बिष्ट यांनी उत्खनन हाती घेतलं. ते पुढे पंधराएक वर्षं चाललं. आम्ही गावातला एक वाटाड्या घेतला. तो तरुणपणी त्या खणकामावर मजुरीला होता. असा माणूस मिळाला तर जरूर घ्या. फलकांवर लिहिलेलं नसतं ते तो हाताने दाखवतो. बालेकिल्ल्यातल्या विहिरीपाशी त्याने अण्णांचा हात धरून काठाच्या दगडावर ठेवला. दोर ओढून ओढून दगडाला पडलेल्या खाचा. बोट आत जातं. आमच्या गावच्या आडावर अशाच खाचा होत्या, असं अण्णा म्हणाले आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिले.

पूर्वेकडचा मोठा जलाशय मात्र त्यांनी आमच्या दोघांच्याही आधी गाठला. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, दहा मीटर खोल, आत उतरायला दगडी पायऱ्या. दक्षिणेच्या बाजूला काही टाक्या तर थेट खडकात खोदलेल्या आहेत. इथे बारमाही नदी नाही. उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन ओढे आहेत, दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहणारे, आणि पाऊसही जेमतेम. त्या ओढ्यांवर बंधारे घालून पाणी वळवलं आणि शहराभोवती ओळीने बांधलेल्या जलाशयांत घेतलं. जमीन पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत जाते, त्या उताराचाच उपयोग करून. अण्णा तटावर उभे राहून काठीने दाखवत होते, "हे बघ सूनबाई, इथून आत घेतलं, इथे गाळ बसू दिला आणि निवळ पुढे सोडलं. मधला बांध बघ किती रुंद ठेवलाय. दाब कळत होता त्यांना." मी हा धडा इतकी वर्षं शिकवत आले, पण मुलांना सांगावं असं काहीतरी मला त्या दिवशी अण्णांच्या काठीमागे चालताना मिळालं. फळ्यावर आता मी ठिपक्याबरोबर दोन ओढे आणि उताराचा बाणही काढते.

उत्तर दरवाजा चुकवू नका. तिथल्या खोलीत दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला. जिप्समचे तुकडे लाकडी फळीत बसवून केलेली, प्रत्येक सुमारे ३७ सेंटिमीटर उंचीची चिन्हं. फळी कुजून गेली, चिन्हं पडली तशीच ओळीने राहिली. ती लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. दरवाज्यासमोर जवळजवळ पावणेतीनशे मीटर लांबीचं मोकळं मैदान आहे, आणि तिथे उभं राहिलं की बालेकिल्ला किती उंचावर आहे ते कळतं.

आणि इथे पुन्हा त्या साडेतीन तासांचा हिशोब. तीन वाजेपर्यंत अण्णांचे पाय भरून आले. सावलीला झाड नाही, आडोसा नाही. बालेकिल्ल्याखेरीज शहराचे जे दोन भाग आहेत, त्यातली मधली नगरी घाईने झाली, खालची नगरी लांबून पाहिली. पश्चिमेकडची दफनभूमी राहिली. बेटाच्या टोकाला ज्युरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत, धोलावीरा गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. तेही राहिले. सकाळी नऊच्या आत पोचलो असतो तर हे सगळं उन्हाआधी आणि आरामात झालं असतं. घरात वयस्क माणूस असेल तर सकाळचे तासच खरे. दुपारचे दोन तास सकाळच्या अर्ध्या तासाइतकेही उपयोगी पडत नाहीत.

परतीला चारच्या आसपास निघावं. रणातल्या रस्त्यावर दिवे नाहीत, खावड्याच्या अलीकडे-पलीकडे म्हशींचे कळप रस्त्यावर येतात आणि ट्रक जोरात असतात. आम्ही पावणेआठला भुजला पोचलो. मीटरचा दुसरा फोटो काढला. २७८ किलोमीटर.

रात्री बिल आलं ते ३४० किलोमीटरचं, वर ड्रायव्हरचा नाइट भत्ता. मी दोन्ही फोटो पाठवले, किमान ३०० चे ४,२०० रुपये आणि ठरलेला दिवसाचा भत्ता, त्यातून आगाऊ रक्कम वजा, एवढेच देईन असं लिहिलं. उशीर तुमच्याकडून झाला, तेव्हा रात्रीचा भत्ता लागू होत नाही, हेही लिहिलं. तासाभराने पुन्हा "ओके मॅडम" आलं. ते वाचून मला जे बरं वाटलं ते कबूल करते. ड्रायव्हरकाकांना आम्ही वेगळे पैसे त्यांच्या हातात दिले. एजन्सीमार्फत दिलेले पोचतीलच असं नाही.

आणखी एक राहिलं. पुरातत्त्व खात्याची उत्खननाच्या जागेवरची संग्रहालयं बहुतेक ठिकाणी शुक्रवारी बंद असतात, तेव्हा शुक्रवार सोडून जा. डिसेंबर-जानेवारीत पौर्णिमेच्या आसपास भुजमध्ये गाड्यांची मारामार असते, कारण चांदण्यातलं पांढरं रण बघायला गर्दी लोटते. तेही दिवस टाळलेले बरे. माझी धाकटी बहीण पुढच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन जाणार आहे. तिची गाडी मी ड्रायव्हरकाकांच्या ओळखीने, थेट एका गाडीमालकाकडून ठरवून दिली आहे. मंगळवार धरलाय, पिवळी प्लेट, खावड्यावरून, सकाळी सहा वाजता, आणि दगड झालेली झाडं बेतात आधीच घातली आहेत.